नाव काढणं

५ जानेवारी

आले एकदाची! खोली नंबर सात. खिडकी पूर्वेला, खिडकीशी टेबल, टेबलावर मान वळणारा दिवा आणि दाराला आतून कडी. गेल्या सहा वर्षांत आतून कडी लावता येईल असं दार माझ्या वाट्याला आलं नव्हतं. आल्या आल्या तीनदा लावून पाहिली. तिन्ही वेळा नीट लागली.

मुलगा सामान वर आणून धापा टाकत होता. सून माझे कपडे कपाटात रचत होती आणि मधूनमधून नाक ओढत होती. मनात म्हटलं, बाई गं, कांदा न चिरता रडतेस, कमाल आहे तुझी. या वृद्धाश्रमाचं पत्रक सहा महिने कुणाच्या उशाखाली होतं ते मला ठाऊक आहे. असो. या वहीत तिचं नाव काढायचं नाही असं मी ठरवलंय. सून म्हटलं की पुरे.

तिची तक्रार खोटी नव्हती, हे मात्र लिहून ठेवते. चौतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाले आणि झोपेनं माझ्यावर जो राग धरला तो धरलाच. दीड तास, फार तर दोन, मग टक्क जागी. जागी राहून बाई काय करणार? मी भांडी लावायची, कपाटं आवरायची, जुनी पुस्तकं मोठ्यानं वाचून त्यातल्या चुका शोधायची. मुद्रित मोठ्यानंच वाचायचं असतं, मनात वाचलं की चूक निसटते. सून म्हणायची, तुमच्यामुळे घरात सगळ्यांची झोपमोड होते. म्हणायची आणि उशीला डोकं टेकवून पाचव्या मिनिटाला घोरायला लागायची. भिंतीपलीकडून तिचं ते घोरणं ऐकत मी सहा वर्षं काढली.

वाईट वाटलं ते फक्त नातीला सोडताना. भिंगरी, वय वर्षं नऊ. एका जागी बसेल तर शपथ. ती माझ्यासाठी लाल पेन्सिल घेऊन आली होती, टोक काढून, टोपण लावून. म्हणाली, आजी, इथल्या सगळ्यांच्या चुका काढ. रोज चार वाजता फोनवर मला धडा वाचून दाखवणार आहे आणि मी तिचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे, असं आमचं ठरलंय. ही पोरगी घराण्याचं नाव काढणार, हे मी तिच्या बारशापासून सगळ्यांना सांगत आले आहे.

प्रवेशाचा अर्ज सहा पानी होता. त्यात नऊ चुका सापडल्या. सगळ्या दुरुस्त करून सही ठोकली. व्यवस्थापिका हसून म्हणाल्या की, इतक्या बारकाईनं हा अर्ज आजवर कुणी वाचला नाही. मला बरं वाटलं.

६ जानेवारी

दीड तास झोप. इथे ती लपवता येत नाही. जेवणघराच्या दाराशी एक तक्ता आहे, त्यावर रोज सकाळी प्रत्येकाच्या झोपेचे तास लिहितात. आठ, नऊ, साडेनऊ, आठ. म्हाताऱ्या माणसांना साडेनऊ तास! माझ्यापुढे दीड लिहिल्यावर लोकांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नापास झाले आहे.

माझ्याहून ढ एकच निघाला. खोली नंबर नऊ, शून्य. हे गृहस्थ पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या, हातात सतत कुणाचं तरी घड्याळ. सगळे त्यांना घुबड म्हणतात. तोंडावर म्हणतात. नाव अगदी चपखल बसलंय, मीही तेच लिहीन.

व्यवस्थापिकांचं म्हणणं, दिवसा छंद, रात्री झोप. ज्याला छंद नाही त्याला झोप नाही. दुपारी दोन ते चार सगळ्यांनी हॉलमध्ये जमायचं. एका कोपऱ्यात कॅरम, एका टेबलावर हजार तुकड्यांचं चित्रकोडं, खिडकीशी कुंड्या. मला कॅरमचा आवाज सोसत नाही, मातीत हात घालणं जमत नाही, आणि चित्रकोड्यातला हत्ती तीन वर्षांपासून बिनसोंडेचा आहे असं कळलं. उरलं भरतकाम. ते कशिदाबाईंकडे. त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे काय हवं ते कागदावर लिहून द्यायचं. मला हे फारच आवडलं. जगातले सगळेच लोक असे असते तर माझं आयुष्य सुखाचं झालं असतं.

हॉलच्या दारावर सूचना होती: ‘सर्वांनी दुपारी आवर्जून जरूर यावे.’ आवर्जून आहे तर जरूर कशाला? हात शिवशिवले. भिंगरीची पेन्सिल काढली आणि आमच्या छापखान्याच्या पद्धतीनं दुरुस्ती केली. नको असलेल्या शब्दाभोवती गोल, गोलातून समासापर्यंत रेघ, रेघेच्या टोकाला एकच शब्द: काढा. खिळे जुळवणारा जुळारी असो की संगणकावरचा पोरगा, चौतीस वर्षांत एकानंही मला विचारलं नाही की म्हणजे काय करू.

९ जानेवारी

आज हसून हसून पोट दुखलं. दारावर नवी सूचना लागलीय. कापडावर भरतकाम करून! आणि माझा तो ‘जरूर’ लाल रेशमानं, बोटभर जाड, भोवती वेलबुट्टी. कशिदाबाईंनी ‘काढा’ वाचलं आणि बापड्या दोन दिवस बसून काढत राहिल्या. अक्कल गहाण टाकलेली माणसं! तरी टाका सुरेख आहे हे कबूल करायला हवं.

मग माझाही श्रीगणेशा झाला. इथे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा स्वतःच्या उशीचा अभ्रा भरतो. त्यावर घरच्या एका माणसाचं नाव. हात थरथरत असतील तर आपण अक्षरं रेखून द्यायची, बाई टाके घालतात. बाईंनी पाटी पुढे केली, त्यावर लिहिलं होतं: कोणाचं नाव काढायचं? आणि खाली: जे माणूस घरात सगळ्यात गाढ झोपतं त्याचं असावं.

सगळ्यात गाढ झोपते भिंगरी. पण कागदावर सुनेचं नाव लिहिताना मला जी मजा आली ती काही वेगळीच. म्हटलं, रोज रात्री तुझ्या नावावर डोकं ठेवीन आणि कूस बदलीन. घोर म्हणावं आता. अक्षरं मी रेखली, टाके बाईंनी घातले.

घुबड मागे उभं होतं. हळूच म्हणालं, ताई, नका काढू. मी म्हटलं, आधी स्वतःचा शून्य बघा. सगळा हॉल हसला.

१० जानेवारी

आठ तास!

आठ! खोटं नाही, तक्त्यावर आहे. डोकं टेकलं आणि एकदम सकाळचं ऊन तोंडावर. सगळं अंग हलकं झालंय. चहाची चव लागते. मी रडले, सांगायला लाज कसली. सहा वर्षांनी बाई झोपली तर ती रडणारच.

स्वप्न मात्र विचित्र पडलं. मी अंधारात पडून आहे, भिंतीपलीकडे कुणीतरी चालतंय, भांडी वाजतायत, एक बाई मोठमोठ्यानं वाचतेय, आणि मला तिची भीती वाटतेय. चांगलीच भीती. उठून हसले. कसल्या कसल्या बायका येतात स्वप्नात!

१५ जानेवारी

मुलाचा फोन. सुनेला सहा रात्री झोप नाही. डोळा लागतच नाही म्हणे. गोळ्या झाल्या, पाय चोळून झाले. काल दुधात साखरेऐवजी मीठ घातलं, आज गॅस चालू ठेवून दाराशी उभी होती. मी फोन बाजूला धरून खोकले, कारण हसू आवरेना. सहा रात्री! मी सहा वर्षं काढली तेव्हा कुणी फोन केला होता?

फोन ठेवला आणि मग बोटांवर मोजलं. नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा.

व्यवस्थापिकांकडे गेले. त्या हिशोबी बाई आहेत, आडपडदा नाही. चहा ओतता ओतता म्हणाल्या की, झोप काही झाडाला लागत नाही. म्हातारपणी आपली आटते, मग ती कुणाची तरी काढावी लागते. ज्याचं नाव काढाल त्याची झोप निघते. तुम्ही जागे तर त्याची त्याला मिळते, तुम्ही झोपलात की तुम्हाला. अर्जाच्या पाचव्या पानावर, चौदाव्या कलमात स्वच्छ लिहिलंय. आणि त्यांनी मला पान दाखवलं. चौदाव्या कलमात माझ्या दोन दुरुस्त्या होत्या. ‘निद्रा’ मधली वेलांटी मीच बदलली होती.

तेच तर. मी चुका वाचते, मजकूर नाही. चौतीस वर्षांचा रोग आहे हा.

खोलीत आले. अभ्रा काढून कपाटात टाकावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग आठवलं ते पत्रक. आठवलं, पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती की, आमच्याकडे रात्रीची चौकीदार आहे, पगार नाही. सगळे हसले होते, माझा मुलगासुद्धा. म्हटलं, चार दिवस बघू दे तिला. चार दिवसांनी काही कुणी मरत नाही.

पडले. नऊ तास.

१९ जानेवारी

घुबड खोलीच्या दाराशी आलं होतं. आत ये म्हटलं नाही, तरी उंबऱ्यात उभं राहून बोललं. त्यानं आपल्या मुलाचं नाव काढलं होतं. कारण काय, तर पोरगा महिनोन्महिने फोन करत नाही. अकराव्या दिवशी पोरगा गच्चीवरून खाली आला. जिन्यानं नाही. तेव्हापासून त्यानं दुसरं नाव दिलं नाही, आणि दोन वर्षांत त्याचा डोळा लागलेला नाही. दीड तास नाही, पाच मिनिटं नाही. एकदा दुसऱ्याची झोप चाखली की आपली परत येत नाही, म्हणाला.

त्याचे डोळे मी पहिल्यांदा जवळून पाहिले. पापणी लवते पण मिटत नाही. मला शिसारी आली. मी त्याला म्हटलं, तुम्ही पोराला खाल्लंत, आता मला शिकवू नका. हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना नक्कल करून दाखवली. कॅरमवाल्यांपैकी एकानं त्याला स्ट्रायकर फेकून मारला. कपाळाला लागला. तो वाकून स्ट्रायकर उचलून परत द्यायला गेला, त्यावर तर अजूनच हसलो.

दोन वर्षं. पाच मिनिटंसुद्धा नाही. छे.

दहा तास.

२३ जानेवारी

भिंगरी पडली.

सून तिला स्कूटरवरून शाळेतून आणत होती. डोळे उघडे होते म्हणे, पण सिग्नल दिसलाच नाही. पोरीचा पुढचा दात अर्धा तुटला, हनुवटीला तीन टाके. मुलगा फोनवर रडत होता. चार वाजता भिंगरीनं नेमानं धडा वाचला, दातामुळे स चा श होत होता, आणि शेवटी म्हणाली, आजी, आई भिंतीशी बोलते.

सूड सुनेवर होता. पोरीचा काय संबंध?

कात्री घेऊन अभ्रा उसवायला बसले. एक टाका कापला की खाली दुसरा. तो कापला की तिसरा. दोन तास कापत होते, अक्षराचा काना हलला नाही. अभ्रा उचलून खिडकीबाहेर फेकला. जेवून येते तो उशीवर, इस्त्री करून. कशिदाबाईंकडे धावले, लिहून दिलं की हे उलटवा. त्यांनी पाटीवर लिहिलं: काढलेलं काढता येत नाही.

मग एकच उपाय, आपण झोपायचं नाही. खुर्चीत बसले, पाय पाण्यात ठेवले. इतकी वर्षं तेच तर केलं होतं. म्हटलं, जागायचं मला काय शिकवता?

अकरा तास. खुर्चीतच.

२५ जानेवारी

सून इस्पितळात. डोळे उघडे, ओळख नाही, बोलणं नाही. नर्स डोळ्यांत थेंब घालतात नाहीतर कोरडे पडतात. मुलगा म्हणाला, आई, तू तरी नीट झोपतेस ना? तेवढीच एक काळजी कमी.

मी हो म्हटलं.

आणि काल रात्री शून्य. एक मिनिट नाही. व्यवस्थापिका म्हणाल्या, त्यांची संपली, आता दुसरं नाव. तक्त्यावर माझा शून्य आणि घुबडाचा शून्य. लोक माझ्याकडे बघून कुजबुजत होते. जेवताना शेजारची खुर्ची कुणी घेतली नाही. घुबड येऊन बसलं आणि माझ्या पेल्यात पाणी ओतलं.

आरशात डोळे पाहिले. पापणी लवते—

नाही. मला नाही जमणार हे. मी बहात्तर वर्षांची आहे.

२६ जानेवारी

दुसरी रात्र शून्य. भिंती हलतात. वहीतल्या ओळी एकमेकींवर चढतात.

दुपारी कशिदाबाईंच्या खोलीत यादी टांगलेली पाहिली. ‘पुढची नावे’. प्रत्येक खोलीपुढे घरच्या माणसांची नावं, अर्जावरून उतरवलेली. मी स्वतः भरलेल्या अर्जावरून. खोली सात: वर मुलाचं नाव, खाली भिंगरीचं. पाळण्यातलं, पूर्ण. बाई नव्हत्या, चहाला गेल्या होत्या.

पोरीला कोणी हात लावला तर! खिशात पेन्सिल होती, तिचीच. डोळ्यांपुढे अंधारी येत होती तरी हात चुकला नाही. नावाभोवती गोल, गोलातून समासापर्यंत रेघ, टोकाला ठळक अक्षरांत: काढा. दोनदा गिरवलं, बाईंना नीट दिसावं म्हणून.

मुलाच्या नावाला मी हात लावला नाही. तो चाळीस वर्षांचा आहे, सोशील. त्यानं मला इथे आणून सोडलं तेव्हा मी सोसलंच ना. आणि पंधरा दिवसांनी तिसरं काहीतरी बघता येईल. हे मी लिहिते आहे आणि मला लाज वाटते आहे, पण झोप हवी. मला झोप हवी, बस.

२७ जानेवारी

चौदा तास! अशी झोप आयुष्यात लागली नव्हती. काय गोड, काय खोल. मुलगा लहानपणी असाच झोपायचा, पाय पोटाशी घेऊन. नवा अभ्रा कधी घातला कळलंही नाही. नाव खालच्या बाजूला आहे, बघायचा धीर नाही. राहू दे.

स्वप्न पण किती छान. झोका. उंच. तोंडात वारा जातोय, जीभ सारखी पुढच्या दाताच्या खाचेत—

दाताच्या खाचेत. पोराचा दात कधी तुटला होता?

चारचा फोन झोपेत हुकला. उद्या बोलू.

२८ जानेवारी

सोळा तास. उठले तेव्हा फोन वाजत होता. भिंगरी. धडा वाचताना तीन ओळी गाळल्या. मी म्हटलं, लक्ष कुठंय? तर म्हणाली, आजी, मला दोन दिवस झोपच येत नाही. तुला यायची नाही तेव्हा तू काय करायचीस?

अभ्रा उलटा केला. तिचं नाव. लाल रेशीम, बोटभर जाड, भोवती वेलबुट्टी.

धावत हॉलच्या दाराशी गेले. ‘जरूर’. तसाच लाल. तशीच वेल. मी हसले होते याला. गोल, रेघ, काढा. मीच लिहिलं. दोनदा गिरवलं. माझ्या हातानं, तिच्या पेन्सिलीनं—

कशिदाबाईंचा हात धरला, पाया पडले. त्यांनी मला यादी दाखवली, माझं अक्षर दाखवलं, आणि अभिमानानं अभ्र्यावरून बोट फिरवलं. काम आवडलं ना, असं विचारत होत्या.

२९

जागायचं. मी जागी तर तिची तिला मिळते, तेच म्हणाल्या होत्या ना व्यवस्थापिका. एवढंच करायचं आहे. एवढंच तर मला येत होतं.

मुलाला फोन केला, सगळं सांगितलं. चौदावं कलम, अभ्रा, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आई, बायको तिकडे तशी पडलीय, आता तू सुरू करू नकोस. झोप काढ जरा.

झोप काढ म्हणाला.

घुबडानं नऊ गजराची घड्याळं आणून लावली, दर दहा मिनिटांनी एक. स्वतः दाराशी बसलाय. मी त्याला तोंडावर काय काय बोलले. तो फक्त किल्ली देतो.

दुपारी सहा घड्याळं ऐकली. सातवं नाही.

३१

तीस तारीख कुठे गेली?

घड्याळं नाहीत. व्यवस्थापिकांनी नेली, इतरांची झोपमोड होते म्हणून. घुबडालाही खोलीत कोंडलंय. कॅरमवाले टाळ्या वाजवत होते.

तक्त्यावर माझ्यापुढे बावीस. सगळ्यांत जास्त. खाली फूल काढलंय.

तिच्या शाळेतून फोन होता, मुलगा म्हणाला. वर्गात बाकावर उभी राहून रडत होती. एका जागी बसवत नाही. डॉक्टर म्हणतात लहान मुलांना असं होत नाही. मी म्हटलं तिला इथे— मी म्हटलं की माझ्या— काय म्हटलं आठवत नाही. बोलता बोलता

२ फेब्रु.?

पेन्सिलीचं टोक तळहातात खुपसून धरलंय. लाल काय ते कळत नाही, शिसं की

जाग. बाई, जाग. चौतीस वर्षं एक चूक निसटू दिली नाहीस.

झोका आला. नाही. नाही, झोका तिचा आहे, तिला द्या

चार वाजता फोन येईल. आला की सांगायचं— काय— सांगायचं की बाळा, आजी जागी आहे, तू नीज.

चार

फोन कानाशी. ती वाचतेय. आवाज बारीक झालाय. चित्र. नाही गं, चि ऱ्हस्व. पुढे वाच. थांबू नकोस, तू थांबलीस की मी

म्हणते, आजी, आहेस ना? आहे. तोंड हलत नाही पण आहे, लिहितेय बघ

म्हणते, आजी घोरू नको ना

वाचतेय. रडत वाचतेय पण एक चूक नाही. शाबास. एकही नाही. किती छान वाचते पोरगी. घराण्याचं नाव काढ